घरचा काटा

‘अंदाजे’ हा शब्द माझ्यासमोर कोणी काढला की माझं डोकं फिरतं. अंदाजे दोन किलो, अंदाजे पाच वाजता, अंदाजे बरं वाटतंय. अहो, मग काटे कशाला बनवले माणसाने?

चाळीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त करतोय. वाण्याचे, सोनाराचे, भंगारवाल्याचे, दवाखान्यातले. गावात मला काटेवाला म्हणतात, समोर काटेवाले काका म्हणतात. काटा तपासून झाला की त्याची सुई शून्यावर आणणाऱ्या स्क्रूवर मी लाल रंगाचा एक थेंब सोडतो. रंग मी स्वतः कालवतो, जरा विटकरी. कोणी स्क्रू फिरवला की थेंब तडकतो आणि लबाडी उघडी पडते. मग काट्याला बांधलेल्या कार्डावर मी तीन गोष्टी लिहितो : तारीख, चूक किती, कारण काय. कारणं दोनच. एक ‘झीज’, दुसरं ‘फिरवलेला’. झीज म्हणजे वस्तू वापरून थकली, त्यात कोणाचा दोष नाही. फिरवलेला म्हणजे चोरी. ‘फिरवलेला’ लिहिताना माझं अक्षर फार सुंदर यायचं. गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात मी ते मोठ्याने वाचूनही दाखवायचो. त्यामुळे मला मित्र कमी आहेत, पण माझ्या काट्यावर आजवर कोणी बोट ठेवलेलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या हिच्या मूत्रपिंडांनी राजीनामा दिला. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी दोन ते सहा, डायलिसिस. लघवी जवळजवळ बंद, म्हणजे प्यायलेलं सगळं अंगात साठतं, आणि मशीन ते काढतं. कोरडं वजन शेहेचाळीस किलो. त्याच्या वर जे काही दिसेल ते पाणी. डॉक्टरांनी रोज सकाळी घरी वजन करायला सांगितलं, तेव्हा मी एका बंद पडलेल्या दवाखान्यातून गोल तबकडीचा काटा आणला, स्प्रिंग बदलली, पितळ घासलं, स्क्रूवर माझा थेंब सोडला आणि बेडरूमच्या कोपऱ्यात मांडला. वर कार्डही बांधलं. पहिली नोंद सुरेख अक्षरात केली. दुसरी नोंद करायची राहूनच गेली. गावाला दर महिन्याला काटा तपासा म्हणून दरडावणारा मी, घरचा मात्र एकदाच तपासला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

हिला पाण्याची फार हाव. म्हणजे हाव हा शब्द वाईट आहे, तहान. दिवसाला एक बाटली, तीही मोजून. बाकी वेळ ती लिंबाची फोड चोखायची आणि माझ्या हातातल्या पेल्याकडे बघायची. मी चहा उभ्याने, मोरीत जाऊन प्यायला लागलो होतो. शनिवार-रविवारची दोन दिवसांची सुट्टी तिला जड जायची. सोमवारी तीन किलो वर असायचीच. डायलिसिसची सिस्टर ओरडायची, "काकू, विहीर प्यायलात का?" आणि ही शाळकरी पोरीसारखी मान खाली घालायची.

अशात ते नाटक आलं.

‘सातवा पूल’. फिरती कंपनी होती. दोन मोठ्या शहरांच्या मधे आमचं गाव पडतं, म्हणून जाता जाता एकच प्रयोग, सोमवारी दुपारी तीन वाजता. न्हाव्याच्या दुकानाबाहेर पोस्टर लागलं आणि ही तिथे अर्धा तास उभी राहिली. न्हावीच मला सांगायला आला.

नाटक प्रेमाचं, गाण्यांनी ठासून भरलेलं. सात पुलांच्या शहरात एक दिवे लावणारा आणि एक पाववाल्याची मुलगी. दोघांची भेट ठरते आणि प्रत्येक पुलावर चुकामूक होते. ती एका टोकाला, तो दुसऱ्या. दोघं गातात, मधे नदी. हिने ते एकोणिसाव्या वर्षी पाहिलं होतं, वडिलांबरोबर. सासरेबुवा म्हणजे घड्याळाचा काटा. सहावा पूल झाला, शेवटच्या बसची वेळ झाली, त्यांनी हिला दंडाला धरून उठवलं. शेवटचा अंक राहिला तो राहिलाच.

लग्नानंतर मी तिला त्या नाटकाची तबकडी आणून दिली होती. ती तिने इतकी वाजवली की खाचा गुळगुळीत झाल्या. पण तबकडीत सहाच पुलांची गाणी. "सातव्याचं गाणं सगळ्यांत सुंदर असणार," ती म्हणायची, "म्हणून तर तबकडीत घातलं नाही. लोक नाटकाला आले पाहिजेत ना." शेवट कोणी सांगायला लागलं की कानांत बोटं घालायची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी जवळच्या शहरात प्रयोग होता. माझं वार्षिक तपासणीचं काम नेमकं त्याच आठवड्यात. मी म्हणालो, पुढच्या वेळी. छत्तीस वर्षांत पुढची वेळ आली ती ही.

"सोमवारी?" सिस्टर म्हणाली. "काका, सोमवार कसा चुकवता येईल? आधीच दोन दिवसांचा खाडा." सकाळची मशीनं सगळी भरलेली होती. मंगळवारी सकाळी सातला एक जागा होती. सिस्टरने थोडा विचार केला आणि म्हणाली, "सोमवारी सकाळी वजन सांगा. दोन किलोच्या आत असेल तर मंगळवारी घेते. एक कणभर वर असलं, तर नाटक नाही, सरळ इकडे. आणि वजन तुम्हीच करायचं. तुमच्या घरचा काटा आमच्यापेक्षा बरा."

दूरच्या शहरात राहणाऱ्या मुलीचा फोन आला. तिला सातवा महिना होता, तिला इतक्या लांब येता येत नव्हतं. ती कडाडली. "बाबा, नाटक महत्त्वाचं आहे का? आईने मला शब्द दिलाय, बाळ बघणार म्हणून."

"दोन किलोच्या आत असेल तरच," मी म्हणालो. "माझा काटा काय सांगतो ते बघू."

"तुमच्या काट्यावर माझा भरवसा आहे, आईवर नाही. ती गोड बोलून तुम्हाला गुंडाळेल."

"मला आजवर कोणी गुंडाळलेलं नाही," मी म्हणालो.

त्या आठवड्यात ही वेगळीच दिसत होती. पेटीतून निळा झगा काढला, बाह्या उसवून सैल केल्या. शनिवारी सकाळी वजन सत्तेचाळीस. रविवारी अठ्ठेचाळीस चारशे. माझा चेहरा पडला. तिचा नाही पडला. तिने दुपारी मला बाजारात पाठवलं, बटणं आणायला. निळीच हवीत, फिकट नकोत, म्हणून तीन दुकानं फिरायला लावली.

सोमवारी सकाळी मी चष्मा पुसत बेडरूममध्ये गेलो तेव्हा ती काट्यावर आधीच उभी होती. रोज मी आधी रिकामा काटा बघायचो, मग तिला चढवायचो. त्या दिवशी ती आधीच चढलेली होती आणि मी तबकडीकडे वाकलो. सत्तेचाळीस आठशे.

"बघ!" मी ओरडलोच. "मनावर घेतलं की जमतं की नाही? काल चारशे वर होतीस, आज आत. पाणी तोडलंस ना खरोखर?"

"तोडलं," ती म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, दोन दिवस चढत गेलेलं वजन तिसऱ्या दिवशी उतरेल कसं? लघवी नाही, घाम नाही, पाणी जाणार कुठे? दुसऱ्या कोणी मला हे आकडे दिले असते तर मी त्याची गचांडी धरली असती. पण माझ्या काट्याने दाखवलेला आकडा खोटा असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उलट मला रविवारचाच आकडा चुकीचा वाटला. ती भरल्या पोटी उभी राहिली असेल, असं मी ठरवून टाकलं. मी फोन करायला बाहेरच्या खोलीत धावलो. सिस्टर म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच. मजा करा. पाणी मात्र नको." मी परत आत आलो तेव्हा हिने अंगावरचा टॉवेल काट्यावर टाकला होता आणि केस विंचरत होती.

निघताना तिच्या पायात तिच्या चपला जाईनात. "तुमच्या घालते," ती म्हणाली, "पाय मोकळे राहतात." मोजे घातले होते, वर माझ्या भल्यामोठ्या चपला. मी हसलो. म्हणालो, दिवे लावणारा बघून पळून जाईल. डोळ्यांखाली सूज होती, मला दिसली होती. अंगठी बोटात रुतली होती, तीही दिसली. पण माझं आयुष्यभराचं म्हणणं, माणसाचे डोळे फसतात, काटा फसत नाही. मी डोळ्यांचं ऐकलं नाही.

नाट्यगृह म्हणजे आमचं जुनं सभागृह, खुर्च्यांच्या स्प्रिंगा बाहेर आलेल्या. कंपनीही तशीच, रया गेलेली. पोस्टरवर बारा वादक, प्रत्यक्षात तिघं, बाकीचा वाद्यवृंद टेपवरचा. पूल घडीचा होता, प्रत्येक वेळी तोच पूल उघडायचा आणि वर वेगळ्या नंबराची पाटी लावायची. चौथ्या पुलावर पाटी लावणारा पाचची पाटी घेऊन आला, जीभ चावून परत गेला. दिवे लावणारा नायक पन्नाशीचा, पोट सांभाळत गात होता. मी हिला काहीतरी खवचट बोलायला वळलो आणि बोललो नाही. तिचे ओठ हलत होते. एकही शब्द चुकत नव्हता. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण त्या पोट सुटलेल्या माणसाचा मला हेवा वाटला, हे आता कबूल करतो.

तिसऱ्या पुलानंतर तिचे ओठ हलायचे थांबले. श्वास तोंडाने घ्यायला लागली. मध्यंतरात मी म्हणालो, "जायचं का? दम लागतोय तुला."

"गर्दीने होतंय. पंखा बघा ना, नुसता शोभेचा."

"अगं, पण..."

"तुमचा काटा काय म्हणाला?" तिने विचारलं. "दोनच्या आत ना? मग पाणी नाही हे. उकाडा आहे."

हे तिने मला म्हटलं. माझ्याच काट्याने मला गप्प केलं. मी दारवानाच्या मागे लागून बाजूचं दार उघडून घेतलं, पुठ्ठ्याने तिला वारा घातला, आणि आम्ही बसून राहिलो. पाचव्या पुलाला तिने पुढच्या खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकले. सहाव्या पुलाला मी तिच्या दंडाला हात लावला. तिने तो झटकला नाही, पण माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "आत्ता नको हो. वडिलांनी याच गाण्याला उठवलं होतं."

मग मी कसा उठवणार होतो?

सातवा पूल आला. रंगमंचावर अंधार, मग एकच दिवा. ती एका बाजूने आली, तो दुसऱ्या. मी तिकडे पाहतच नव्हतो, मी हिच्या छातीचा भाता बघत होतो. वाद्यं थांबली. सगळं सभागृह शांत. मी गाण्याची वाट बघत होतो, संपलं की हिला उचलायची म्हणून. गाणं आलंच नाही. ती दोघं पुलाच्या मधोमध नुसती उभी राहिली, काही न बोलता, आणि पडदा पडला.

ही पडद्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एवढंच?"

आणि हसली. एकोणिसाव्या वर्षापासून जपलेलं गाणं मुळात नव्हतंच. हसता हसता तिला खोकला आला, खोकल्यात गुलाबी फेस आला, आणि लोक टाळ्या वाजवत उभे राहिले तेव्हा ही एकटी बसलेली होती, कारण तिला उठताच येत नव्हतं.

रुग्णवाहिकेत नाकाला नळी लावली होती. तिने माझं मनगट धरलं. "काट्याला काही बोलू नका," असं काहीतरी म्हणाली. मला वाटलं बरळते आहे. मी म्हणालो, "बोलू नकोस, श्वास घे." ते माझं तिच्याशी शेवटचं वाक्य.

तातडीने मशीन लावलं. सिस्टर घरी गेली होती ती परत आली. छातीत पाणी भरलं होतं, ते काढताना हृदय दोनदा थांबलं, दोनदा चालू केलं. मंगळवारी सकाळी सातला, तिच्या राखून ठेवलेल्या वेळेलाच, तिसऱ्यांदा थांबलं ते थांबलंच.

सिस्टर माझ्या शेजारी बाकावर बसली. मग म्हणाली, "काका, एक विचारू? काल आल्यावर खाटेसकट वजन केलं आम्ही. एकोणपन्नास आठशे होतं. तुम्ही फोनवर सत्तेचाळीस आठशे सांगितलंत."

"तुमचा काटा चुकला असेल," मी म्हणालो. बायको जाऊन तास झाला नव्हता आणि मी हे म्हणालो.

"तो तुम्हीच मागच्या महिन्यात तपासलाय, काका."

मुलगी निघाली होती, जावयाबरोबर, दुपारपर्यंत पोचणार होती. मी कागदपत्रं आणायला घरी आलो. बेडरूममध्ये तिचा कंगवा तसाच पडला होता. मी काट्यावरचा टॉवेल उचलला.

रिकामा काटा. वर कोणी नाही, काही नाही. आणि तबकडीवरची सुई शून्याच्या मागे, बरोबर दोन किलोवर.

मी जमिनीवर बसलो, काटा आडवा केला, स्क्रू पाहिला. थेंब होता. लाल होता, पण विटकरी नव्हता. गुलाबीकडे झुकणारा, चकचकीत. मुलीच्या कपाटात तिच्या कॉलेजच्या वेळची नखं रंगवायची बाटली होती, तो रंग. माझा थेंब खरवडून, स्क्रू फिरवून, वर तिने हा लावला होता. रविवारी, मी तिच्यासाठी निळी बटणं शोधत होतो तेव्हा. कडेला रंग जरासा ओघळला होता, तोही तिने पुसला होता. अडतीस वर्षं माझ्या घरात राहून माझी सगळी विद्या शिकली होती ती, आणि वापरली एकदाच.

मला तिचा राग आला. इतका आला की मी त्या काट्याला लाथ मारली. चोर! वाण्याला, भंगारवाल्याला मी चारचौघांत जे म्हणायचो ते मी तिच्या कंगव्याला म्हणालो. दोन किलो! सहा महिने, वर्ष, काय मिळालं असतं ते मिळालं असतं; नातवंड बघितलं असतं. एका घडीच्या पुलासाठी, नसलेल्या गाण्यासाठी. मग मला आठवलं की सोमवारी सकाळी मी तिला शाबासकी दिली होती आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. मला रडू आलं. मोठ्याने आलं, शेजारच्यांनी दार वाजवलं इतकं.

दार वाजल्यावर मी भानावर आलो. बाहेर दुपार झाली होती. मुलगी कोणत्याही क्षणी येणार होती, आणि ती काटेवाल्याची मुलगी. लहानपणी माझ्या दुकानात बसून तिने शेकडो थेंब बघितले होते. तिला हा एक नजर टाकली तरी कळणार होता. पोटात बाळ घेऊन ती आयुष्यभर म्हणत राहणार होती, आईला मी नको होते, नाटक हवं होतं. जिवंत माणसाशी भांडता येतं. गेलेल्यावर धरलेला राग कुठे उतरवणार?

मी चाकूने तो गुलाबी थेंब खरवडला, कणही ठेवला नाही. दुकानातून माझी डबी आणली. सुई होती तिथेच ठेवून स्क्रूवर माझा विटकरी थेंब सोडला आणि फुंकून वाळवला. मग कार्ड घेतलं. तारीख. चूक : दोन किलो कमी. कारणाच्या रकान्यात पेन टेकवून मी किती वेळ बसलो कोण जाणे. माझं अक्षर त्या दिवशी अजिबात सुंदर आलं नाही. मी लिहिलं, ‘झीज’.

मुलगी आली, आणि सगळं उरकून संध्याकाळी आम्ही घरी आलो. सिस्टरने तिला वजनाचं सांगितलेलं होतं. ती सरळ बेडरूममध्ये गेली, अवघडत खाली बसली, सुई बघितली, थेंब बघितला, कार्ड वाचलं. मी दारात उभा होतो.

"झीज?" ती म्हणाली.

"स्प्रिंग बसली. मी तीन वर्षांत तपासलाच नाही."

"आख्ख्या गावाला कार्डं वाटत फिरलात तुम्ही." तिचा आवाज चढलाही नाही. "मी तुम्हाला म्हणाले होते, माझा आईवर नाही, तुमच्या काट्यावर भरवसा आहे."

"म्हणाली होतीस."

ती कार्डाची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. मग विचारलं, "शेवट तरी बघितला का तिने?"

"बघितला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, एवढंच?"

मुलीच्या तोंडून हसू फुटलं, अगदी आईसारखं, आणि तसंच ते मधेच फिरलं. ती पोटाला हात धरून रडायला लागली. मी पुढे झालो. तिने हाताने मला थांबवलं.

"बाबा," ती म्हणाली, "यापुढे कोणाचा काटा तपासू नका."

"नाही तपासणार," मी म्हणालो.